मॉरिशसमध्ये माणशी किती कोळसा जळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटले की निळा समुद्र, मधुचंद्राला गेलेली जोडपी आणि गंगा तलावावरची गर्दी आठवते. कोळसा कुणाला आठवत नाही. पण त्या बेटावर दर पाच युनिटांमागे साधारण दोन युनिट वीज कोळशावर तयार होते, आणि तो कोळसा बेटावर शिरला साखर कारखान्याच्या दारातून. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. या विषयावर येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मॉरिशसमध्ये कोळशाच्या खाणी आहेत का?

एकही नाही, आणि असणे शक्यही नाही. बेट ज्वालामुखीतून वर आले आहे, खाली सगळा काळा बसाल्ट. दगडी कोळसा होतो गाडल्या गेलेल्या जुन्या जंगलांचा, आणि मॉरिशस समुद्रातून वर आले तेच मुळी ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. सातारा-कोल्हापुरात विहीर खणताना कोळसा लागत नाही, चंद्रपूर-वणीकडे लागतो. कारण तिथे गोंडवन काळातले खडक आहेत आणि इकडे त्यांच्यावर लाव्ह्याची जाड गोधडी पसरलेली आहे. गंमत म्हणजे ही गोधडी ज्या तप्तबिंदूने, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर फेकणाऱ्या जागेने, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी विणली, त्यानेच फार पुढे मॉरिशस घडवले. म्हणजे सह्याद्री आणि मॉरिशस नात्याने भावंडेच. कोळशाच्या बाबतीत दोघांचेही हात रिकामे.

मॉरिशसचा सगळा कोळसा जहाजाने येतो, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून. पोर्ट लुई बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने वीज केंद्रांवर जातो.

मग माणशी आकडा किती?

गेल्या दशकभरात वर्षाला साधारण सहा ते सात लाख टन कोळसा लागत आला. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. भागाकार केला की माणशी अर्ध्या टनाहून थोडा जास्त कोळसा येतो. पाच जणांच्या घराच्या वाट्याला वर्षाला पावणेतीन टन, म्हणजे एक छोटा टेम्पो भरून.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच आकडा जवळजवळ शून्य होता. एका पिढीत शून्यापासून अर्ध्या टनापर्यंत कसे गेले, याचे उत्तर पुढे आहे.

हा आकडा नेमका काढतात कसा? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा का दिसतो?

वर्षभरात जळालेला कोळसा भागिले वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या. ऐकायला सोपे आहे, पण घोळ तीन ठिकाणी होतो.

पहिला घोळ आयात आणि वापर यांचा. छोट्या देशात कोळसा दर महिन्याला ठरावीक प्रमाणात येत नाही, जहाज लागेल तेव्हा एकदम येतो. समजा ३० हजार टनांचे एक जहाज ३० डिसेंबरऐवजी २ जानेवारीला लागले. तेवढ्याने आयातीवरून काढलेला माणशी आकडा एका वर्षात २४ किलोंनी घटतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच फुगतो. प्रत्यक्षात एका बॉयलरलाही काही फरक पडलेला नसतो. म्हणून आयातीत साठ्यातली वाढ-घट धरलेली आहे का, हे आधी पाहावे.

दुसरा घोळ एककांचा. काही तक्ते टनात असतात, काही तेल-समतुल्य टनात. मॉरिशसचे सांख्यिकी खाते एक टन कोळसा म्हणजे ०.६२ टन तेल असे धरते. त्यामुळे ५५० किलो कोळसा दुसऱ्या तक्त्यात ३४० किलो होऊन बसतो, आणि घाईत वाचणाऱ्याला वाटते वापर घटला.

तिसरा घोळ छेदाचा, म्हणजे लोकसंख्येचा. देशाच्या लोकसंख्येत रॉड्रिग्स बेटावरचे चाळीसेक हजार लोकही येतात. रॉड्रिग्स मुख्य बेटापासून सहाशे किलोमीटर दूर आहे. तिथली वीज वेगळी, ती डिझेलवर आणि थोडी वाऱ्यावर तयार होते, कोळशाचा एक खडा तिथे जळत नाही. फक्त मुख्य बेटाचा हिशेब केला तर माणशी आकडा तीनेक टक्क्यांनी वाढतो.

पर्यटकांचे काय? ते तर लोकसंख्येपेक्षा जास्त असतात!

हा प्रश्न हमखास येतो. २०१९ मध्ये १३ लाख ८३ हजार पर्यटक आले, रहिवाशांपेक्षा जास्त. पण पर्यटक वर्षभर राहत नाही. सरासरी मुक्काम दहा रात्रींचा धरला तर कोणत्याही एका रात्री बेटावर सरासरी ३८ हजार पाहुणे झोपलेले असतात. साडेबारा लाखांत ही तीन टक्क्यांची भर. हॉटेलातला पाहुणा घरच्या माणसापेक्षा वीज जास्त उडवतो हे खरे, पण सगळा कोळसा त्याच्या माथी मारता येणार नाही.

चुलीतला कोळसा यात येतो का?

नाही. मराठीत आपण दोन्हीला कोळसाच म्हणतो म्हणून गोंधळ होतो. लाकूड जाळून केलेला तो लोणारी कोळसा, आणि जमिनीखालचा तो दगडी कोळसा. या पानावर जिथे कोळसा म्हटले आहे तिथे दगडी कोळसाच समजावा. मॉरिशसच्या फ्रेंच वळणाच्या भाषेतही दोघांना एकच शब्द आहे, फक्त एकापुढे ‘लाकडाचा’ असे जोडतात. ऊर्जेच्या तक्त्यात मात्र दोघांच्या ओळी वेगळ्या असतात. मॉरिशसच्या स्वयंपाकघरात आज गॅस आहे, दगडी कोळसा तिथे कधीच नव्हता.

पूर्वी कोळसा अजिबात वापरत नव्हते?

वापरत होते, आणि बऱ्यापैकी. मॉरिशसची रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली, त्याच दशकातली जेव्हा बोरघाट ओलांडून आपली रेल्वे देशावर आली. ऊस, साखर आणि माणसे सगळे वाफेच्या इंजिनांवर चालले. त्याशिवाय पोर्ट लुई हे हिंदी महासागरातल्या वाफेच्या जहाजांचे थांबण्याचे ठिकाण. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ती वर्दळ आटली. प्रवासी रेल्वे १९५६ मध्ये बंद झाली, मालगाड्या १९६४ मध्ये. त्या रेल्वेचे आज रूळही उरलेले नाहीत.

त्या काळाचा माणशी आकडा काढण्याच्या फंदात मी पडत नाही. १९०१ च्या जनगणनेत बेटावर ३ लाख ७१ हजार माणसे होती, पण बंदरात उतरलेल्या कोळशातला किती बेटावर जळाला आणि किती परक्या जहाजांच्या पोटात गेला, हे वेगळे काढल्याशिवाय भागाकाराला अर्थ नाही. एवढे नक्की की रेल्वे गेली तेव्हा कोळसाही गेला, आणि पुढची वीसेक वर्षे बेट जवळजवळ बिनकोळशाचे होते. वीज पाण्यावर आणि तेलावर चालायची.

मग कोळसा परत आला कसा?

उसाचा हात धरून.

साखर कारखान्यात रस काढून उरलेला चोथा म्हणजे बगॅस. आपल्याकडे कारखान्यावर कुणी भुसा म्हणते, पण बगॅस हा शब्द आता शिपाईसुद्धा वापरतो. शब्द मूळचा फ्रेंच वाटेने आलेला, त्यामुळे मॉरिशसमध्येही तोच. हा बगॅस बॉयलरमध्ये जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे, उरलेल्या वाफेवर रस आटवायचा, आणि जास्तीची वीज सरकारी जाळ्यात द्यायची. याला आपण सहवीजनिर्मिती म्हणतो. मॉरिशसमध्ये एका कारखान्याने जाळ्याला वीज देण्याची सुरुवात १९५७ मध्ये केली होती. जगात फार कमी ठिकाणी हे इतक्या लवकर घडले.

पण बगॅस असतो गाळप हंगामात. मॉरिशसचा हंगाम जून ते डिसेंबर. स्थानिक क्रिओल भाषेत त्याला लाकूप म्हणतात, म्हणजे तोडणी. जानेवारी ते मे टर्बाइन गप्प. एवढा खर्च करून बसवलेले यंत्र पाच महिने धूळ खात पडणार, हे कोणत्याही कारखानदाराला बोचणारच.

बेटाच्या पूर्वेकडच्या फ्लाक भागातल्या फ्युएल कारखान्याने १९८५ मध्ये यावर तोड काढली. हंगामात बगॅस आणि हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये कोळसा. नव्या कोळशाच्या कहाणीचा पहिला खडा इथे पडला.

दोन इंधने एकाच बॉयलरमध्ये कशी जळतात? एवढी वेगळी असूनही?

वेगळी आहेत खरीच. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. एक टन कोळशाची उष्णता मिळवायला साधारण चार टन बगॅस जाळावा लागतो. बगॅस हलका, तो शेगडीवर पसरत उडत जळतो. कोळसा जड आणि त्याची राख जास्त. म्हणून बॉयलर दोन्हीचा विचार करून बांधावा लागतो. इंधन आत टाकायची व्यवस्था, शेगडी, हवा देण्याची जागा, राख काढण्याची सोय, सगळे त्या हिशेबाने. नव्या केंद्रांमध्ये वाफेचा दाब ८० बारच्या पुढे ठेवला आहे, त्यामुळे तेवढ्याच उसातून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वीज निघते. या बाबतीत मॉरिशसचे कौतुक करायलाच हवे.

‘बगॅसच साठवून ठेवा ना’ असे काही जण सुचवतात. ज्याने कारखान्याच्या आवारातला बगॅसचा डोंगर पाहिलाय तो असे सुचवणार नाही. जागा प्रचंड लागते, आत कुजून उष्णता तयार होते आणि ढीग पेट घेतात. महिना-दोन महिन्यांचा साठा होतो, पाच महिन्यांचा होत नाही.

आपल्याकडचे कारखाने हंगाम संपला की वीज बंद करतात. मॉरिशसला का जमत नाही?

माझ्या मते सगळ्या पानावरचा हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की सहवीज बंद होते आणि कुणाच्या घरातला दिवा विझत नाही. कोराडी, चंद्रपूर, पारस चालू असतात, कोयना असते, आणि कमी पडले तर छत्तीसगडमधून वीज येते. देशभराचे जाळे एकमेकांत गुंफलेले आहे. आपला ऊस हरित राहू शकतो, कारण त्याच्या गैरहंगामातला कोळसा दुसरीकडे, दुसऱ्याच्या नावावर जळतो.

मॉरिशसला शेजारच नाही. सगळ्यात जवळचे रीयुनियन बेट दोनशेच्या आसपास किलोमीटरवर, मध्ये खोल समुद्र. वीज कुणाकडून उसनी आणता येत नाही. त्यात हंगाम नसलेले महिने म्हणजे तिथला उन्हाळा. जानेवारी ते मार्च एसी जोरात चालतात, विजेची मागणी शिखरावर असते, आणि चक्रीवादळांचे दिवसही तेच. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा बगॅस शून्य. ही खिंड कोळशाने भरली.

आता गैरहंगामापुरता आलेला पाहुणा पाच महिन्यांत परत गेला असता तर आकडा लहानच राहिला असता. पण तसे झाले नाही. बगॅस कमी पडला की हंगामातही कोळसा घालायचा, हे नेहमीचे झाले. वर्षभराच्या हिशेबात या ‘बगॅस केंद्रां’मध्ये कोळशाची वीज बगॅसच्या विजेच्या दुपटीहून जास्त भरू लागली.

माणशी आकडा कोणत्या वर्षांमध्ये उडी मारून वर गेला?

छोट्या देशाचा आलेख टेकडीसारखा चढत नाही, जिन्यासारखा चढतो. प्रत्येक नवे केंद्र म्हणजे एक पायरी.

१९८५ चे फ्युएल ही पहिली. १९९१ मध्ये सरकारने बगॅसपासून वीज वाढवण्याचा कार्यक्रम आखला आणि त्याच्या छत्राखाली पुढची केंद्रे उभी राहिली. १९९८ मध्ये बो शां, २००० मध्ये उत्तरेकडे बेल व्ह्यू, सुमारे ७० मेगावॉटचे. २००५ मध्ये दक्षिणेत सेंट ऑबँ येथे तीसेक मेगावॉटचे केंद्र आले. ते मात्र निव्वळ कोळशावर चालणारे, बगॅसचे नावही नाही. आणि २००७ मध्ये सावान येथे ८० मेगावॉटहून मोठे केंद्र. दहा वर्षांत चार पायऱ्या. त्यानंतर आलेख अर्ध्या टनाच्या वर जाऊन जवळजवळ सपाट झाला.

हे करार साधारण वीस-वीस वर्षांचे होते आणि वीज घेण्याची हमी त्यांत होती. वीज विकत घेणारी संस्था एकच, १९५२ मध्ये स्थापन झालेले सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड. साखर कंपन्यांना ही हमी फार उदार हाताने दिली, अशी टीका तिथल्या राजकारणात वर्षानुवर्षे होत आली आहे. त्या वादात किती तथ्य हे तिथल्या मतदारांनी ठरवावे. माणशी आकड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पायरी एकदा बांधली की वीस वर्षे खाली उतरत नाही.

ऊस कमी झाला म्हणून कोळसा वाढला, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे, आणि हिशेब पाटीवर मांडता येतो.

मॉरिशसने १९७३ मध्ये ७ लाख १८ हजार टन साखर केली, तो आजवरचा उच्चांक. अलीकडे आकडा अडीच लाखांच्याही खाली गेला. कारण मुख्यतः युरोपात. १९७५ च्या लोमे करारापासून युरोप मॉरिशसची साखर चढ्या हमी भावाने घ्यायचा. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २०१७ मध्ये युरोपने स्वतःच्या बीट साखरेवरचा कोटाही उठवला. छोट्या शेतकऱ्याला ऊस परवडेना. जमिनी पडीक राहिल्या, काहींवर बंगले उठले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटावर अडीचशेहून जास्त साखर कारखाने होते, आज तीन आहेत.

आता गणित. शतकाच्या सुरुवातीला वर्षाला ५० लाख टनांच्या घरात ऊस गाळला जायचा, अलीकडे २५ लाखांच्या आसपास. २५ लाख टन ऊस गेला म्हणजे त्याच्या तीस-बत्तीस टक्के, सुमारे ८ लाख टन बगॅस गेला. चारास एक या दराने तो २ लाख टन कोळशाच्या तोडीचा. लोकसंख्येने भागा, माणशी १६० किलो.

म्हणजे आजच्या साडेपाचशे किलोंपैकी दीडशेच्या वर किलो कोळसा केवळ ऊस मोडल्यामुळे आहे असे म्हणता येईल. हा ढोबळ हिशेब आहे. पूर्वीचा सगळा बगॅस आजच्या कार्यक्षम बॉयलरमध्ये जळत नव्हता आणि काही वाफ साखरेलाच लागायची, त्यामुळे काटेकोर आकडा कमी-जास्त होईल. ब्रसेल्समध्ये साखरेचा भाव उतरतो आणि पोर्ट लुईत कोळशाची जहाजे वाढतात, हे मात्र त्यातून दिसते.

कोळशाला लोकांनी विरोध केला नाही का?

केला. पश्चिम किनाऱ्यावर प्वांत ओ काव्ह येथे १०० मेगावॉटच्या निव्वळ कोळशाच्या केंद्राचा प्रस्ताव बरीच वर्षे चालला होता. २०१३ मध्ये एका कार्यकर्त्याने त्याविरुद्ध उपोषण केले आणि विषय घराघरात पोहोचला. पुढे प्रस्ताव बारगळला. तो झाला असता तर माणशी आकड्याला आणखी एक मोठी पायरी लागली असती. शंभर मेगावॉटचे केंद्र जवळजवळ वर्षभर चालले तर तीन-चार लाख टन कोळसा खाते, म्हणजे माणशी अडीचशे-तीनशे किलो.

भारताच्या तुलनेत मॉरिशस कुठे बसतो?

वजनाने पाहिले तर भारतात २०२३-२४ मध्ये माणशी साधारण साडेआठशे किलो कोळसा लागला, मॉरिशसपेक्षा बराच जास्त. पण वजन फसवे असते. आपल्या वीज केंद्रांतल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते आणि किलोमागे साधारण चार हजार किलोकॅलरी मिळतात. दक्षिण आफ्रिकेचा निर्यातीचा कोळसा सहा हजारांच्या आसपास. गुणाकार करून पाहा. साडेपाचशे गुणिले सहा हजार आणि साडेआठशे गुणिले चार हजार, दोन्ही तेहतीस-चौतीस लाखांच्या आसपास येतात. उष्णतेच्या हिशेबाने सरासरी मॉरिशसकर आणि सरासरी भारतीय जवळजवळ सारखाच कोळसा जाळतात!

फरक आहे तो कशासाठी जाळतात यात. भारताच्या कोळशात पोलाद आहे, सिमेंट आहे, वीटभट्ट्या आहेत. मॉरिशसचा जवळजवळ सगळा विजेत जातो. तिथे माणशी वर्षाला अडीच हजार युनिटांच्या आसपास वीज तयार होते, त्यातली हजारेक युनिट कोळशावरची. आपल्याकडे सगळी वीज मिळून माणशी वापर चौदाशे युनिटांच्या जवळ आहे.

जगाची सरासरी माणशी एक टनाच्या थोडी वर आणि दक्षिण आफ्रिकेची अडीच टनांच्या वर, एवढे तुलनेला पुरे.

सगळ्याच छोट्या देशांचे असेच असते का?

छोट्या देशात एखादाच कारखाना आलेख हलवतो, हे मात्र सगळीकडे खरे. लक्झेंबर्गचे उदाहरण बोलके आहे. चार लाखांच्या आसपास वस्ती आणि अवाढव्य पोलाद उद्योग, त्यामुळे माणशी कोळशात हा देश एकेकाळी जगात पहिल्या ओळीत बसायचा. लोखंड वितळवायला कोळसा खाणारी शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये थंड झाली, पोलाद भंगारापासून विजेच्या भट्टीत होऊ लागले, आणि माणशी आकडा कडेलोट झाल्यासारखा खाली आला. लोकांनी घरी काही वेगळे केले नव्हते. मोठ्या देशात एवढी उलथापालथ व्हायला पिढ्या जातात.

कोरोनाच्या काळात काय झाले?

सीमा बंद, हॉटेले रिकामी. २०१९ मध्ये सुमारे ३२४ कोटी युनिट वीज तयार झाली होती, २०२० मध्ये ती २८८ कोटींवर आली. अकरा टक्के घट. कोळसाही घटला. ती सुधारणा नव्हती, पर्यटक आले तशी भरून निघाली.

कोळशामुळे माणशी कार्बन किती पडतो?

टनाला साधारण २.४ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर माणशी सव्वा ते दीड टन. देशाच्या एकूण माणशी उत्सर्जनाचा हा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग. उरलेला बहुतेक तेलाचा, कारण गाड्या आणि उरलेली औष्णिक वीज तेलावरच.

आणि राख?

छोट्या बेटावर राख टाकायला जागा शोधणे हीच डोकेदुखी. सावानच्या परिसरात राखेतला न जळलेला कार्बन पुन्हा जाळून उरलेली राख सिमेंटमध्ये मिसळण्याजोगी करण्याचा कारखाना उभारला आहे. बगॅसची राख पूर्वीपासून शेतात जाते. कोळशाची तशी सहज टाकता येत नाही.

मॉरिशसमधल्या मराठी माणसांचा याच्याशी काही संबंध?

आहे, आणि जुना आहे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर बेटावर उतरू लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि दक्षिण कोकणातली माणसे बरीच. पोर्ट लुईतल्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला. उतरलेला माणूस सरळ उसाच्या मळ्यावर जायचा. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांच्या नावावर पुढे छोटे मळे झाले. आज गणेशोत्सव कास्काव्हेल गावात थाटात होतो, मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते, पण नवी पिढी ऊस लावायला तयार नाही. इकडे आपल्याकडेही आजोबांची शेती नातवाला नको असते, तेव्हा त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

छोट्या उत्पादकांचे जुने म्हणणे असे, की साखरेचे पैसे मिळतात, पण आमच्याच उसाच्या बगॅसपासून जी वीज होते तिचा वाटा हातावर टेकवल्यासारखा. अलीकडच्या वर्षांत बगॅसचा मोबदला सरकारने बराच वाढवला. आमच्याकडे सहवीजेचा नफा उसाच्या दरात धरा म्हणून जी आंदोलने होतात, त्यांचीच ही समुद्रापलीकडची भावकी.

२०३० पर्यंत माणशी आकडा शून्य होणार का?

सरकारने २०२१ मध्ये तसे जाहीर केले होते. २०३० च्या आत कोळसा बंद आणि ६० टक्के वीज नवीकरणीय. ग्लासगोच्या हवामान परिषदेतही कोळसा सोडण्याच्या निवेदनावर मॉरिशसने सही केली. त्यानंतर २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे दक्षिण आफ्रिकेच्या कोळशाचा भाव टनाला ३०० डॉलरच्या वर गेला, म्हणजे सोडायला आणखी एक कारण मिळाले.

प्रत्यक्षात नवीकरणीय विजेचा वाटा २०२० नंतर चढण्याऐवजी घसरला आणि २०२३ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास आला. कारण पुन्हा तेच, बगॅस घटला. सौर वाढतो आहे, बॅटऱ्या बसत आहेत, पण बगॅसचे गेलेले युनिट भरून काढण्यातच त्यातला बराच भाग खर्ची पडतो. गिरण्यांमध्ये कोळशाऐवजी लाकडाचे तुकडे किंवा उसाचे वाळलेले पाचट जाळण्याची योजना आहे. पाचट आपल्यालाही माहीत आहे. शेतातून गोळा करणे, गाठी बांधणे, वाहून आणणे यातच त्याचा दर चढतो. आणि लाकूड बाहेरून आणायचे तर जहाज पुन्हा आलेच, फक्त त्यातला माल बदलला.

माझे मत विचाराल तर आकडा या दशकात खाली येईल, शून्यावर येणार नाही.

पुढच्या वर्षीचा आकडा वर जाईल की खाली, हे आधी कळायला काय पाहावे?

आयातीचे आकडे यायला वेळ लागतो. त्याआधी जून ते डिसेंबर किती ऊस गाळला ते पाहा. मग उन्हाळ्यात किती तापले आणि तेलाची केंद्रे किती चालली ते पाहा. पाऊस चांगला झाला असेल तर धरणांवरच्या विजेचा थोडा हातभार लागतो, पण तो जेमतेम तीन-चार टक्क्यांचा. ऊस एक लाख टन कमी आला तर माणशी साधारण सहा किलो कोळसा वाढला असे धरून चाला.